सरांच्या नावाचे दोन लाख

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. चार पानांचं आहे, ते थोडक्यात देते.

"माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मागच्या दिवाळीच्या आधी गेले. त्यांच्या नावाने काही करावं म्हणून मी दोन लाख रुपये बाजूला काढले आहेत. गावकऱ्यांना वेशीवर कमान पाहिजे. सरपंच म्हणतात, 'बाई, सरांचं नाव गावाच्या तोंडावर राहीन.' दीर म्हणतात, मंदिराचा सभामंडप अर्धा पडून आहे, तो पुरा करा. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. ती म्हणते, आई, हे पैसे आफ्रिकेत मच्छरदाण्यांसाठी पाठव, तिथे एका रुपयात सगळ्यांत जास्त जीव वाचतात, लोकांनी हिशेब मांडून ठेवलाय. माझं मन मात्र हेमलकशाकडे ओढ घेतं. ताई, जगात सगळ्यांत जास्त भलं कोण करतंय तेवढं सांगा, मी त्यांनाच देते. जाता जाता एक लिहिते. चार वर्षांत आमच्या गावात तिघांनी औषध घेतलं. त्यातला एक माझा विद्यार्थी. कधी कधी वाटतं, मी जन्मभर नुसते पाढेच शिकवले."

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. "जाता जाता" म्हणून लिहिलेल्या त्या ओळीपाशी तिन्ही वेळा थांबले. तिच्याकडे येतेच, पण आधी पैशांचं बोलू.

कमान बांधू नका. सरपंचांचं मन चांगलं असेल आणि सरांवर गावाची माया आहे हेही खरं. पण त्या कमानीखालून रोज जाणाऱ्या एकाही पोराचं तिच्यामुळे काही भागणार नाही. गाडगेबाबा याच वऱ्हाडातले, शेंडगावचे. ते गावात शिरले की आधी झाडू हातात घेत. सभामंडपाला वर्गणी म्हणून द्यायची तेवढी द्या, दिरांचा मान राखा. पण सरांच्या नावाचे पैसे तिथे ओतू नका.

आता तुमचा मोठा प्रश्न. याचं उत्तर शोधताना मी स्वतः एकदा फार चुकले आहे, ते आधी सांगते. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही काही बायकांनी बचत गटांतून वर्गणी गोळा करून एका संस्थेला रुग्णवाहिका घेऊन दिली. नारळ फुटला, हार चढले, फोटो निघाले. घरी आले तेव्हा छाती भरून आली होती. दीड वर्षाने त्याच गावाला लग्नाला गेले, तर गाडी संस्थेच्या आवारात लिंबाखाली उभी. चारही टायर बसलेले, काचांवर पक्ष्यांची घाण. ड्रायव्हरचा पगार आणि डिझेल कुठून येणार, हे त्यांनी ठरवलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. चहा देणाऱ्या बाईने सांगितलं, आठवड्यापूर्वी एक बाळंतीण याच रस्त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तालुक्याला नेली. ती वाचली. पण त्या दिवसापासून मी कुठल्याही संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारते: दिल्यानंतर काय झालं, हे पाहायला तुम्ही परत जाता का?

सगळ्यांत जास्त भलं कोण करतं, हे मी याच एका प्रश्नावरून ओळखते. मोठं मन पुष्कळांचं असतं. परत जाऊन मोजणारे, आणि आकडा वाईट निघाला तर आपली रीत बदलणारे फार थोडे.

आपल्या शेजारचंच घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केलं. गावात जन्मलेलं बाळ पहिल्या महिनाभरात का मरतं, हे त्यांनी गावोगाव एकेक मृत्यू नोंदवून शोधलं. तेव्हा दवाखाना लांब, आणि बाळंतिणीला घराबाहेर काढायचं नाही ही रीत. मग त्यांनी गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. बाळाचं वजन कसं करायचं, त्याला उबेत कसं ठेवायचं, जन्मताच श्वास घेतला नाही तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं शिकवलं. त्याआधी न्यूमोनिया ओळखण्यासाठी त्यांनी एक साधन केलं होतं. वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाच्या पोटाकडे बघत दहा श्वास मोजायचे की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. जिला दहाच्या पुढे मोजता येत नाही, तिलाही जमेल असं. ताई, तुम्ही पहिलीच्या पोरांना मण्यांच्या पाटीवर अंक शिकवले असतील. हे तेच.

आणि ते तिथे थांबले नाहीत. 39 गावांत हे काम केलं आणि 47 गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. 2011 पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळाला बघायला घरी येतात ती पद्धत या गडचिरोलीच्या कामातून निघाली. तुमच्या गावची आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी ताणकाटा घेऊन दारात उभी राहते ना, तिच्यामागे त्या 39 गावांतल्या बायका आहेत.

असंच एक काम बांगलादेशात झालं. त्याची सुरुवात आपल्या बंगालमधली. 1971 च्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बोनगावच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंप भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. तोवर शंभरातले तीसेक दगावत होते. ते प्रमाण चारच्या आत आलं. हा माणूस 2022 मध्ये गेला आणि पद्मविभूषण त्यांना पुढच्या वर्षी, मरणोत्तर मिळालं. जगभरात या पाण्याने कोट्यवधी लेकरं वाचली, तरी आपल्यातल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे?

पुढे फझले हसन आबेद यांच्या 'ब्रॅक' या संस्थेने हेच पाणी आईला घरी करायला शिकवायचं ठरवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा लिटरच्या आसपास पाणी. 1980 पासून दहा वर्षांत त्यांच्या बायका एक कोटी वीस लाखांहून जास्त घरी गेल्या. चुलीपाशी बसून आईच्या हातून पाणी करून घ्यायच्या. मला सगळ्यांत आवडतं ते पुढचं. काही दिवसांनी दुसराच माणूस त्यातल्या काही घरी जाई आणि आईला विचारी, सांगा, काय काय शिकलात? करून दाखवा. आईला जितकं आठवे त्यावर शिकवणारीला पैसे मिळत. किती घरं फिरली याला महत्त्व नव्हतं. तुमच्या-माझ्या नोकरीत असं झालं असतं तर? वर्ग घेतला म्हणून पगार नाही, पोराला पाढा आला तर पगार!

म्हणून तुमच्या मुलीचं म्हणणं उडवून लावू नका. ती परकी झाली म्हणून आफ्रिकेचं बोलत नाही. ती ज्या हिशेबाचं बोलते तो असा. 2007 मध्ये अमेरिकेत दोन तरुणांनी 'गिव्हवेल' सुरू केलं. देणगीचे पैसे नेमके कुठे सगळ्यांत जास्त कामी येतात, याचा अभ्यास करून ते यादी जाहीर करतात. मलेरियाच्या मच्छरदाण्या वाटणारी 'अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन' वर्षानुवर्षं त्या यादीत आहे. एक औषधी मच्छरदाणी पोहोचवायला साधारण पाच डॉलर लागतात आणि तिच्याखाली दोघं झोपतात. एक जीव वाचवायचा खर्च ते तीन ते साडेपाच हजार डॉलर धरतात, म्हणजे आपले अडीच ते पाच लाख. मलेरियाने दरसाल जगात सहा लाखांच्या आसपास माणसं मरतात, बहुतेक आफ्रिकेत, आणि त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली लेकरं. भामरागड, एटापल्लीकडचा थंडीताप ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

त्याच 1971 च्या निर्वासितांबद्दल लिहिताना पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने एक साधा प्रश्न विचारला होता. डोळ्यांसमोर लेकरू पाण्यात बुडतंय तर कपडे चिखलाने भरतील म्हणून आपण थांबतो का? मग ते लेकरू लांब आहे म्हणून थांबावं का? आपल्याकडे दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शेततळ्यात पोर बुडाल्याची बातमी येते. तिथे उडी मारणारा आधी पोराची जात किंवा गाव विचारत नाही. तुमची मुलगी तेच म्हणतेय, फक्त तिचं तळं लांब आहे.

हेमलकशाबद्दल मी काय सांगू! 1973 च्या डिसेंबरात बाबा आमटेंनी भामरागडच्या जंगलात ते काम उभं केलं आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे जन्म काढला. जिथे डॉक्टर म्हणून कोणी नव्हतंच, तिथे नुसतं टिकून राहणं केवढं मोठं. बैरागडला मेळघाटात डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांचंही तसंच. अशा माणसांना एकमेकांशेजारी उभं करून पहिला नंबर कुणाचा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिकडे मन ओढतंय तर त्या ओढीला लाजू नका.

आता तुमची ती ओळ.

आपल्याकडे विषाला औषध म्हणतात. "त्यानं औषध घेतलं" म्हटलं की दुसरा कोणी "काय आजार होता?" असं विचारत नाही. फवाऱ्याची बाटली पलंगाखाली, कोठ्यात, नाहीतर स्वयंपाकघरात मिठाच्या डब्याशेजारी असते. माणसाच्या मनात एखाद्या रात्री वादळ उठतं आणि ते पुष्कळदा काही तासांत शमतंही. पण हाताशी काय होतं यावर सगळं ठरतं.

श्रीलंकेने हे ओळखलं. 1995 च्या सुमाराला तिथे आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सगळ्यांत जास्त देशांत होतं. सरकारने सगळ्यांत जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली. वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि अभ्यासकांच्या अंदाजाने 93 हजार जीव वाचले. भाताचं उत्पन्न काही घटलं नाही. हे करणारी माणसं म्हणजे एका सरकारी खात्यातले अधिकारी आणि आकडे घेऊन त्यांच्याकडे चकरा मारणारे डॉक्टर. त्यांच्या नावाची कमान कुठे असेल असं मला वाटत नाही. जगात सगळ्यांत जास्त भलं कोणी केलं असं मला झोपेतून उठवून विचारलंत, तर मी आधी या लोकांकडे बोट दाखवीन.

इथे तुमच्या मनात येईल, कारण माझ्याही आलं होतं, की मग गावात घरोघरी औषधाला कुलूपबंद पेट्या द्याव्यात. दोन लाखांत होतील. तेही श्रीलंकेतच करून पाहिलंय. 180 गावं, 53 हजारांवर घरं. निम्म्या गावांना पेट्या दिल्या, निम्म्यांना नाही, आणि वाट पाहिली. 2017 मध्ये निकाल आला: पेट्यांनी विष घेण्याच्या घटना कमी झाल्याचं दिसलं नाही. मोजलं नसतं तर आज जगभर पेट्या वाटल्या गेल्या असत्या आणि आपण सगळे समाधानाने झोपलो असतो. म्हणून पेट्या घेऊ नका.

मग काय कामी येतं? शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलायचं, उदास माणूस ओळखायचा, त्याच्याशी बोलत राहायचं, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत न्यायचं. आधी अशा आजारी माणसांपैकी 4.3 टक्केच उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षात ते प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेलं. जिवाचं बरंवाईट करावं असा विचार येतो म्हणणारे 5.2 टक्क्यांवरून 2.5 वर आले. इथे तुलनेची वेगळी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाचंच असं मी म्हणणार नाही. पण माणसं पोचली, एवढं नक्की.

आणि एक गोष्ट झिम्बाब्वेची. तिथे डॉ. डिक्सन चिबांडा हे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. हाताशी डॉक्टर नाहीत, म्हणून त्यांनी 2006 मध्ये हरारेत चौदा आज्यांना शिकवलं. दवाखान्याबाहेर लाकडी बाक टाकला. आजी बसते, समोरचा बोलतो, ती ऐकते. मग ढीगभर अडचणींतली एकच निवडून, तिच्याबद्दल उद्या काय करता येईल हे दोघं मिळून ठरवतात. तिकडच्या भाषेत या दुखण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'फार विचार करणं'. आपल्या बायकाही तेच म्हणतात ना, "रातभर इचारच येते". 2016 मध्ये त्याचीही मोजणी झाली. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्यांची उदासी कायम होती, आजीपाशी बसलेल्यांत ती सातांत एकाची होती.

ताई, त्या आज्यांना तुमच्याइतकं शिक्षण नव्हतं. तुम्हाला गावातलं एकेक घर आतून ठाऊक आहे. कोणाचं पोर पहिलीत कोणत्या अक्षराला अडायचं हेही आठवत असेल. पन्नाशीचा बाप्या असला तरी तुमच्यासमोर "बाई" म्हणून उभा राहतो. हे भांडवल दोन लाखांत विकत मिळत नाही. तुम्ही शिकवलेल्या पाढ्यांनी हा विश्वास कमावलाय, म्हणून "नुसते पाढेच" असं पुन्हा लिहू नका.

तर मी असं सुचवते. पन्नास हजार मुलीच्या म्हणण्याप्रमाणे मच्छरदाण्यांना जाऊ द्या. पाठवायची खटपट तिलाच करू द्या. परदेशी संस्थेला दिल्यावर आयकरात देणगीची सवलत नसते एवढं ध्यानात ठेवा. तिला फोन करून सांगा, तुझा हिशेब मला पटला. आई-लेकीत बापाबद्दल बोलायला तेवढं निमित्त.

एक लाख गडचिरोली किंवा मेळघाटातल्या अशा संस्थेला द्या जी मोजते. हेमलकशाला द्यायचे तर त्यांनाही द्या, पण कुठेही देताना चिठ्ठी जोडा: मागच्या वर्षी तुमच्याकडे किती आले, किती बरे झाले, काय फसलं? फसलेलं मोकळेपणाने सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवते. पैसे चेकने किंवा बँकेतून द्या, दोन हजारांच्या वर रोख देणगीला सवलत मिळत नाही. आणि इमारतीसाठी द्यायचे असा हट्ट धरू नका. पगार, डिझेल, औषधं यासाठी म्हणून द्या. माझी ती गाडी आठवा.

उरलेले पन्नास हजार गावात, तुमच्या हाती, तीन वर्षांसाठी. आशाताईंना भेटा. शेतकऱ्यांसाठी सरकारचा 'प्रेरणा प्रकल्प' आहे, त्यात मानसिक ताणातली माणसं शोधायचं काम आशांकडेच आहे आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो. कुठे अडतं ते तीच सांगेल. पुष्कळदा अडतं ते येण्याजाण्यावर. एसटीचं भाडं, सोबतीला जाणाऱ्याची बुडालेली रोजी, दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या. हे पैसे त्यासाठी वापरा. आशांच्या प्रशिक्षणात तुम्हाला बसू देतात का ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, कारण नुसती माया पुरत नाही, कसं ऐकायचं आणि कधी डॉक्टरकडे न्यायचं हे शिकावं लागतं. 'टेली-मानस'चा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. तो कृषी केंद्राच्या भिंतीवर रंगवून घ्या, जिथे औषधाची बाटली विकत मिळते तिथेच. आणि वही ठेवा. कोण आलं, कुठे नेलं, महिन्याने कसं आहे. नावं फक्त तुमच्याजवळ.

बाक घेऊ नका, गावात पार असेलच.

पण हे सगळं चेकबुक काढल्यावरचं. त्याआधी एक करा. तुमच्या त्या विद्यार्थ्याच्या घरी जा. त्याची आई किंवा बायको असेल. चार वर्षांत लोकांनी तिच्याशी बोलणं टाळलं असेल, कारण काय बोलावं हे कुणालाच सुचत नाही. तुम्हीही काही बोलू नका. ती कापूस वेचत असेल तर ओटी बांधा आणि तिच्या शेजारच्या तासाला लागा. त्याची एखादी शाळेतली गोष्ट आठवत असेल तर ती सांगा. पंधरा दिवसांनी परत जा.